बाजारातली प्रार्थना

आमच्या घरात देवाची स्तुती मोठ्या आवाजात व्हायची, कारण घर रुळांना लागून होतं. लोणावळ्याच्या इंजिन शेडामागे रेल्वेची एक बैठी चाळ होती, तिच्यात शेवटून दुसरी खोली आमची. घाट चढून आलेली गाडी स्टेशनात शिरायच्या आधी आमच्या भिंती थरथरायच्या, मांडणीवरच्या पितळ्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि गाडीला मागून ढकलणारं इंजिन सुटं होऊन शिट्टी देत शेडाकडे परतायचं. अशा वेळी गाणं चालू असेल तर ते थांबवायचं नाही, आवाज चढवायचा, असा बाबांचा नियम होता. बाबा शेडात फिटर होते. त्यांच्या बोटांच्या पेरांत शिरलेलं काळं तेल कुठल्याच साबणानं निघत नसे. त्याच बोटांनी ते संध्याकाळी ढोलकी घेऊन बसत. मी पेटी वाजवायचो. कुणा साहेबानं विलायतेला परत जाताना आमच्या ख्रिस्ती मंडळीला दिलेली ती पेटी होती, तिचे दोन सूर मुके होते, आणि ते टाळून वाजवायची मला इतकी सवय झाली होती की पुढे चांगली पेटी हाताखाली आली तरी माझी बोटं त्या दोन पट्ट्या चुकवूनच जायची. आईचा आवाज बारीक होता. गाडी आली की तो आम्हाला ऐकू यायचा नाही, पण तिचे ओठ हलताना दिसायचे.

गाणं झालं की प्रार्थना. चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असायची, गाडीनं कोकणातून वर आलेल्या सुक्या बोंबलांचा वास साऱ्या खोलीत भरलेला असायचा, आणि माझ्या पोटात कावळे ओरडत असले तरी प्रार्थना आटोपती घेतली जात नसे. कारण आमच्याकडे नावं घेऊन प्रार्थना करायची रीत होती. कोण आजारी, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाचा मुलगा घर सोडून गेलाय, ते सगळं नावानिशी देवापुढे मांडायचं. "सगळ्यांचं भलं कर म्हटलं की सुटलो, असं नाही," आई म्हणायची. "एकेकाचं नाव घेतलं की एकेकाचं तोंड डोळ्यांपुढे येतं. मग त्याचं काय करायचं ते आपल्याला सुचतं." डोळे मात्र घट्ट मिटलेले हवेत. लहानपणी मी एकदा डोळा किलकिला करून भाकरीकडे पाहिलं, तर बाबांचे डोळे मिटलेले असूनही त्यांचा हात नेमका माझ्या मानेवर आला होता. मोठेपणी मी डोळे इतके घट्ट मिटायला शिकलो की समोर कोण उभं आहे याचं मला भान राहीना. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या अपराधाची सुरुवात या चांगल्या सवयीतून झाली, म्हणून ती आधी सांगितली.

आई मिशनच्या दवाखान्यात मदतनीस होती. दर मंगळवारी ती पॅसेंजरनं कामशेतला उतरून नदीपलीकडच्या गावांत जायची, टाकव्यापर्यंत. सोळा वर्षांचा झाल्यावर तिची औषधांची पिशवी मी घेऊ लागलो. त्या काळी गावोगाव डोळ्यांच्या खुपऱ्या असत. पापणीच्या आतून खरखरीत दाणे यायचे, डोळे गळायचे, उपचार झाला नाही तर बुबुळावर पांढरं फूल पडून माणूस आंधळा व्हायचा. त्याला उपाय एकच होता. आगकाडीवर पापणी उलटी करायची आणि मोरचुदाच्या कांडीनं आतून घासायची. डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग व्हायची, आणि हे एकदा नाही, महिनोन् महिने करावं लागायचं. खंड पडला की केलेलं सगळं वाया.

टाकव्यात ज्या घरी आई सर्वांत जास्त वेळ थांबायची ते आबांचं घर. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, चार माणसांत शब्द चालणारे. त्यांच्या थोरल्या भावाची विधवा सारजामावशी त्यांच्याकडेच होती, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत खुपऱ्या होत्या. पहिल्याच दिवशी आबांनी ओसरीवर उभं राहून आईला सांगितलं होतं, "बाई, औषध घालाया खुशाल या. पर देवाचं माज्या घरात बोलायचं न्हाई. आमचा देव आमाला पुरतो."

"नाही बोलणार, आबा. शब्द देते," आई म्हणाली होती.

पहिल्या वर्षी त्या घरात आईला पाणी द्यायचं झालं तर तिच्या ओंजळीत वरून ओतत. दुसऱ्या वर्षी एका दुपारी सारजामावशीनं भरलेला तांब्याच तिच्या हातात दिला. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी पाहिलं आणि सुपारी कातरत राहिले.

औषध गोठ्यात घालायचं, कारण तिथं उजेड चांगला येई. मी पिशवी उघडून उभा राहायचो. मावशी मोठी बोलकी बाई. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असतानाही तिचं तोंड चालू असायचं. "बाई, तुमी मागल्या जल्मी माजी सासू हुता का वो? तिचा बी हात आसाच जड." आई हसायची. पण एके मंगळवारी मावशी गप्प होती. औषध झालं, आईनं ओलं फडकं तिच्या डोळ्यांवर ठेवलं, आणि त्या फडक्याखालून मावशीनं विचारलं, "बाई, तुमच्यात म्हनं मेलेली मानसं परत भेटत्यात?"

आईनं फडक्याची कड सारखी केली.

"माजी दोन हायती. पटकीनं एका आठवड्यात दोनी गेली. थोरलं पाच वर्साचं, धाकटं रांगत हुतं. भेटत्यात का, तेवडं सांगा. बाकी देवाचं नगा सांगू, तुमी शब्द दिलाय ते मला ठावं हाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं अगदी हळू सांगितलं, "भेटतात."

त्यानंतरच्या मंगळवारी मावशीनं आणखी विचारलं, त्यानंतरच्या मंगळवारी आणखी. आईनं आपण होऊन एक शब्द काढला नाही, पण विचारलेल्याला उत्तर दिलं. सहा महिन्यांनी मावशीनं सांगितलं की ती रोज पहाटे गुरांना वैरण टाकताना येशूशी बोलते. "कुनाला सांगू नगा," ती म्हणाली. "हे तुमच्यात आन् माज्यात. घरात कळलं तर आबाची मान खाली जाईल. लय केलंय त्यानं माजं." आई म्हणाली, "नाही सांगणार." मी तिथंच होतो. मीही मान हलवली होती. मावशीच्या डोळ्यांवर फडकं होतं, तिला ती दिसली नसेल, पण मी हलवली होती.

त्या वर्षी भात पिवळं पडायच्या सुमारास नगरकडून एक उपदेशक आले होते. धिप्पाड, खणखणीत आवाजाचे. त्यांची इच्छा होती की लोणावळ्याच्या बाजाराच्या दिवशी उघड्यावर भजनं आणि उपदेश व्हावा. आई दवाखान्यात होती. बाबांनी ढोलकी घेतली, मी पेटी, आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी घोंगडी टाकून आम्ही बसलो. गाणी झाली तोवर लोक जमले. गाणं कुणाचंही असो, ढोलकी चांगली असली की लोक थांबतात. उपदेश सुरू झाल्यावर पांगू लागले. शेजारी बांगड्यांचा हारा घेऊन बसलेला एक कासार होता, जिभेचा तिखट. तो मोठ्यानं म्हणाला, "अहो पेटीवाले, दर सालाला येताय, वाजवताय. एक तरी गिऱ्हाईक लागलं का?"

लोक खदाखदा हसले. "लागंल की," दुसरा म्हणाला, "पेटीचा भाता फाटंस्तवर वाजवा म्हनावं."

माझे कान तापले. मी सतरा वर्षांचा होतो, आणि हसणाऱ्यांत माझ्या शाळेतली दोन मुलं होती. तेवढ्यात उपदेशक म्हणाले, "आता आपले तरुण बंधू शेवटची प्रार्थना करतील." मी उभा राहिलो. डोळे घट्ट मिटले. सुरुवात नेहमीसारखी झाली. मग माझ्या तोंडून निघालं, "आणि हे प्रभू, टाकव्याच्या सारजाबाईंसाठी आम्ही तुझे आभार मानतो. त्यांचे डोळे तू बरे करतो आहेस, आणि त्यांचं अंतःकरणही तू उघडलं आहेस. त्या रोज तुझं नाव घेतात." गाडी येत असावी तसा मी आवाज चढवला होता. खरं तर गाडी नव्हती.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते भावनेच्या भरात झालं. तसं नव्हतं. ते वाक्य म्हणताना मला देव आठवत नव्हता, तो कासार आठवत होता. मी त्याला उत्तर देत होतो, आणि देवाचं नाव पुढे करून देत होतो. प्रार्थनेत खोटं बोलणं मी त्याआधी आणि नंतरही ऐकलं आहे. मी तर एकही शब्द खोटा बोललो नव्हतो, आणि तरी त्या प्रार्थनेइतकी खोटी प्रार्थना माझ्या ऐकण्यात नाही.

आमेन म्हणून डोळे उघडले तर चार हातांवर, खांद्यावर रिकामं पोतं टाकून, आबांचा मुलगा भिकू उभा होता. तांदूळ विकायला आला असावा. त्यानं पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पेटी झ्याक वाजवतोस रं," तो म्हणाला आणि गर्दीत गेला.

उपदेशक खूश होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते त्याच दुपारच्या गाडीनं पुढे निघून गेले. बाबा ढोलकी फडक्यात बांधत होते. गाठ मारता मारता त्यांनी विचारलं, "तो आबांचा भिकू ना?"

"होय."

"आईला तू सांगायचंस, दानू. मी नाही सांगणार."

मी सांगितलं नाही. सोमवार गेला, मंगळवार उजाडला. मी पोटात दुखतं म्हणून पडून राहिलो. आईनं माझ्यासाठी तांदळाची पेज करून उशाशी ठेवली, वर ताटली झाकली, आणि पिशवी स्वतःच घेऊन निघाली. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक होतं, आणि मी तिला जाऊ दिलं. पेजही प्यालो.

ती दुपारच्याच गाडीनं परत आली. पिशवी खुंटीला लावली, हात धुतले, मग पुन्हा धुतले. आबांनी तिला वेशीवरच अडवलं होतं. दहा-पंधरा माणसं होती. "औषध म्हनून आलीस बाई, आन् घर फोडलंस," असं ते तिला म्हणाले होते. "पुन्हा ह्या वाटंला यायचं न्हाई."

"त्यांचं बरोबर आहे," आई मला म्हणाली. "मी शब्द दिला होता. गोठ्याला भिंत कुठं आहे, नुसता कूड. कुणीतरी ऐकलं असणार. इतके दिवस ऐकू गेलं नाही हीच देवाची दया." ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मी डोळे मिटून घेतले.

दोन महिने असे गेले. रोज संध्याकाळी प्रार्थनेत आई सारजामावशीचं नाव घ्यायची आणि स्वतःच्या मोडलेल्या शब्दाची क्षमा मागायची, आणि रोज मी आमेन म्हणायचो. बाबा म्हणत नसत. ढोलकीवरचा त्यांचा हात त्या दिवसांत बोथट झाला होता. आमचं घर देवाची स्तुती करत राहिलं, गाड्या येत राहिल्या, आम्ही आवाज चढवत राहिलो. माझी पत्नी हे लिखाण वाचते तेव्हा म्हणते, "अहो, सांगायला दोन वाक्यं लागली असती." तितकीच लागली असती. मी आज अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, मंडळीत वडील, म्हणजे पंच, म्हणून निवडलेला आहे, लोक आपली पापं सांगायला माझ्याकडे येतात आणि मी त्यांना सांगतो, सांगून टाका, हलकं वाटेल. पण ती दोन वाक्यं किती जड होतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी कुणाला घाई करत नाही.

नाताळाच्या आदल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी एक भाकर वाटून खायची; लपवलेलं पाप मनात ठेवून ती घ्यायची नसते. आमच्या मंडळीत तेव्हा अशी चाल होती की भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब थोडा वेळ थांबत, आणि कुणाच्या मनात काही असेल तर त्यानं उठून सांगावं. बहुतेक वेळा कुणी उठत नसे. त्या दिवशी आई उठली. "एका घरी मी शब्द देऊन गेले आणि तो पाळला नाही," ती म्हणाली. "त्यामुळे एका बाईचे डोळे उपचारावाचून राहिले. मी आज भाकर घेणार नाही." ती बसली. ताट फिरत तिच्यापाशी आलं, तिनं ते पुढे दिलं. बाबांपाशी आलं, त्यांनीही पुढे दिलं. मी पेटीमागे बसलो होतो. सगळी मंडळी पाहत होती, आणि ताट परतवलं तर लोक काय समजतील या भीतीनं मी भाकर घेतली आणि खाल्ली.

त्या तुकड्याची चव मला अजून सांगता येईल. साधी गव्हाची पोळी होती, एका कडेला किंचित करपलेली.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता टाकव्याला गेलो. झोडणी झाली होती, आणि आबा खळ्यावर पेंढ्यांची गंजी रचत होते. गंजी पुरुषभर उंच झाली होती, ते वर उभे होते. खाली कुणी नव्हतं.

"कोन हाय?"

"मी दानू. दवावाल्या बाईंचा."

"मग उगा उबा का? पेंढ्या फेक वर. काय बोलायचं ते फेकता फेकता बोल."

मी पेंढी उचलून फेकली. "आबा, आईनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाजारात मी नाव घेतलं."

"ठावं हाय. भिकूनं सांगितलं. बुडखा माज्याकडं करून फेक, शेंडा नगं."

"आईला हे ठाऊक नाही."

आबांचा हात थांबला. "म्हंजी?"

"तिला वाटतं, गोठ्यात कुणीतरी तिचं बोलणं ऐकलं."

"दोन म्हैनं झालं की."

"होय."

आबा गंजीवर बसले. पाय खाली सोडून ते माझ्याकडे पाहू लागले. "गोठ्यात काय चालतंय ते मला वरसापास्नं ठावं हुतं," ते म्हणाले. "कुडाच्या पल्याड माजी बैलं हायती. ऐकू येतं. तुजी आई आपनहून कंदी बोलली न्हाई, वयनी इचारायची, त्ये बी ऐकलंय म्या. बोललो का काय? दोन लेकरं गेलेली बाई. तिला जितं इसावा मिळतो तितं मिळू दे म्हनलं. पर तू बाजारात वाजवलंस. मग गावकी बसली. समदी माज्या तोंडाकडं बघाया लागली. आता म्या ठावं न्हवतं म्हनू, का ठावं हुतं म्हनू?"

मी विचारलं, "मावशी कुठं आहे?"

"हे इचाराया दोन म्हैनं लागलं व्हय? म्हायेरी धाडली. भावाकडं, वलवणला."

वलवण. आमच्या चाळीपासून अर्ध्या तासाची वाट. बाबांच्या शेडाचा भोंगा तिथं ऐकू जातो.

"गावाला वाटलं, हाकलली," आबा म्हणाले. "म्या म्हनलं, तितनं बाईचा दवाखाना जवळ हाय. तुज्या आईला म्या चारचौघांत बोललो, बोलावं लागलं, पर बाई श्यानी हाय, आज न्हाई उद्या वयनीची चौकशी करत कुनाला तरी धाडंल, मग सांगू वलवण. वाट बघितली. कुनी बी आलं न्हाई. मला वाटलं, ह्यांस्नी बी बाजारापुरतीच हवी हुती ती."

मी पेंढी धरून तसाच उभा राहिलो.

"फेक," आबा म्हणाले. "ऊन चाललंय."

सगळी गंजी होईपर्यंत मी पेंढ्या फेकल्या.

घरी पोचलो तेव्हा आई नाताळाच्या करंज्या करत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बाजार, भिकू, पोटदुखी, आबा, वलवण. ती ऐकत करंजीच्या कडेनं कातणं फिरवत होती. सांगून झालं तेव्हा ती एकच करंजी तिच्या हातात होती, कडा कातून कातून अर्धी राहिलेली.

"सारजा वलवणला आहे?" तिनं विचारलं.

"होय."

"कढई उतरव. पिशवी घे."

वाटेत ती माझ्याशी बोलली नाही. वलवणच्या धरणाच्या भिंतीजवळ पोचल्यावर एकदाच, मागे न पाहता म्हणाली, "काल तू भाकर घेतलीस." त्यानंतर आयुष्यभरात तिनं तो विषय काढला नाही.

मावशी भावाच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन, डोळ्यांवर पदर ओढून बसली होती. आईनं हाक मारली तशी ती धडपडत उठली. "बाई? मला वाटलं तुमी रुसला!" आईनं तिला खाली बसवलं आणि पापण्या उलटून पाहिल्या. डाव्या डोळ्याला वेळ होता. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर दुधी फूल पूर्ण पसरलं होतं. आईनं मला जवळ ओढून ते दाखवलं.

मी मावशीच्या पायांशी बसलो आणि सांगितलं.

"तू व्हय त्यो," ती म्हणाली. तिनं पदर पुन्हा डोळ्यांवर ओढला. "बत्तीस वरसं त्या चुलीत फुंकर घातली म्या. माजी लेकरं त्या घरात मेली. तितल्या खुटीला त्यांची आंगडी हुती, ती बी आनायचं सुचलं न्हाई निगताना." मग म्हणाली, "माफ केलं म्हनू? बरं, म्हनते. पर डोळा काय माफीनं उगडायचा न्हाई. औषध कोन घालनार?"

"हा घालेल," आई म्हणाली. "दर दोन दिवसांनी. मी शिकवते."

मावशीचा भाऊ लक्ष्मण दारात उभा होता. धरणावर कामाला जाणारा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "येऊ दे. पर देवाबिवाचं एक आक्षार काढायचं न्हाई. हिच्या सासरी जे झालं ते हितं नगं."

मी शब्द दिला.

त्यानंतर आलेला उन्हाळा, पुढचा पावसाळा आणि त्याच्यापुढचा हिवाळा मी वलवणला जात राहिलो. आईनं आधी स्वतःच्या पापणीवर शिकवलं, मग माझ्या. माझ्या डोळ्याची आग पहिल्यांदा अनुभवली तेव्हा मावशी इतकी वर्षं कशी बडबडत बसत होती हेच मला कळेना. पावसात धरण भरलं की वाटेवर धुकं इतकं दाट उतरायचं की मी तिच्या अंगणातल्या कोंबड्यांच्या आवाजावर घर शोधायचो. मावशी चेष्टा करायची. "पेटीवाल्या, तोंडाला कुलूप घरनंच लावून येतोस व्हय?" मी हसायचो, आगकाडी पुसायचो, पापणी उलटायचो. देवाविषयी मी एक अक्षर काढलं नाही. सुरुवातीला ते मला शिक्षेसारखं वाटे. मग हळूहळू ध्यानात आलं की त्या अंगणात मी जितका वेळ देवाबरोबर असे तितका आमच्या पेटी-ढोलकीत क्वचितच असायचो. हे मी गाण्यांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. गाणी मला अजूनही प्रिय आहेत. पण माझी स्तुती तोवर फक्त गळ्यात होती, ती त्या वर्षी पहिल्यांदा हातांत उतरली.

एके दिवशी सकाळी औषध घालताना मावशी म्हणाली, "आज माज्या धाकट्याला जाऊन वीस वरसं झाली. कायतरी म्हन रं देवाला."

"मावशी, मी शब्द दिलाय."

"व्हय की," ती म्हणाली. "मग तू गप ऱ्हा. मीच म्हनते."

पापणी माझ्या आगकाडीवर उलटलेली होती, डोळ्यातून पाणी गालावर वाहत होतं. तिनं आधी दोन्ही मुलांची नावं घेतली. मग म्हणाली, "देवा, पोरांस्नी सांग, आई येती हाय. जरा उशीर हुतोय म्हनावं. ह्यो एक डोळा बरा करून येती. न्हाईतर तितं एवड्या गर्दीत ह्यांस्नी वळकू कशी?"

लक्ष्मणभाऊ दारात होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी कांडी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो आत वळून बायकोला म्हणाला, "औषध झालं. दानूला गूळ-पानी दे."

डावा डोळा वाचला. त्या डोळ्यावर मावशी पुढे सहा वर्षं जगली, निवडणं-टिपणं करत, शेजारच्या लेकरांची लुगड्याच्या पदरानं नाकं पुसत. मी तोवर दवाखान्यात कंपाउंडर झालो होतो. ती गेली तेव्हा टाकव्याहून आबा आणि भिकू आले, आणि तिच्या माणसांनी त्यांच्या रीतीनं तिला पोचवलं. आबांनी मला लांब उभं असलेलं पाहिलं आणि हातानं बोलावलं. "उचल," ते म्हणाले. मी खांदा दिला.

पुढच्या वार्षिक सभेच्या आधी पाळकसाहेब आमच्याकडे आले. सारजाबाईंच्या विश्वासाची साक्ष मी सभेत सांगावी, मंडळीच्या नोंदीत विश्वासू बहीण म्हणून त्यांचं नाव घालावं, असं त्यांच्या मनात होतं. मी नाही म्हणालो. ते दुखावले. अशी साक्ष झाकून ठेवणं म्हणजे प्रभूची स्तुती अडवणं, असं ते म्हणाले. आई चहा गाळत होती. ती म्हणाली, "त्याला नका विचारू, साहेब. ज्यानं तिला ओळखायचं त्यानं केव्हाच ओळखलं असेल."

आता एवढंच सांगायचं राहिलं. तिचं नाव सारजा नव्हतं. तिच्या दिराला गावात आबा म्हणत नसत, गावही टाकवे असेल किंवा त्याच्या आसपासचं दुसरं एखादं. त्या घरात आज तिच्या दिराची नातवंडं-पतवंडं नांदत आहेत, त्यांना कुणी काही विचारावं असं मला वाटत नाही. तिचं खरं नाव मी रोज सकाळी घेतो. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोलाही ते अजून ऐकू गेलेलं नाही.